साडेचार इंच

१

सकाळी चहा झाला की मी शेड उघडतो. पत्र्याचं दार सरकवायचं, पंखा लावायचा, गाडीवरचं प्लास्टिक काढायचं आणि पाना घेऊन पुढच्या दोन्ही चिऱ्यांवर एकेक टोला मारायचा. टण. टण. मग कामाला लागायचं.

ही पद्धत दादाची. आमच्या सड्यावर, या कातळाच्या माळावर, गाडी उभी करायला लोखंडी स्टँड कोण विकत आणतो? घरबांधणीच्या जांभ्या चिऱ्यांची रास घराघरामागे असते. चिरा उभा केला की चौदा इंच भरतो. जॅकने गाडी उचलायची, चिरा सरकवायचा, गाडी त्याच्यावर टेकवायची. फक्त खाली शिरायच्या आधी चिरा वाजवायचा. उन्हापावसात मुरलेला चिरा खणखणीत वाजतो. खाणीतून नुकताच काढलेला, पोटात पिवळी माती असलेला चिरा थप करतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

माझा दादा रितेश अकरा वर्षं मुंबईत गॅरेजात होता. गावी आला तो एकच खूळ घेऊन. पावसच्या एका बागायतदाराच्या मांगरात, बागेतल्या खोपीत, आंब्याच्या पेट्यांमागे सडत पडलेली जुनी गाडी त्याने मागून आणली. तिचं टप कापलं, पुढचं तोंड काढून इंजिन उघडं ठेवलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणा रंगेल माणसाने शर्यतीला काढली असेल अशी ती दिसायला हवी होती. मागची जाड चाकं बसली. पुढची चाकं आणि पुढचा ॲक्सल राहिला.

त्या गाडीखालीच दादा गेला. तीन महिने झाले.

ती पुरी करायची असं मी ठरवलं. कुणाला विचारलं नाही. मला विचारायची सवय नाही. पुढे चाकं लागली की चिरे निघतील. गाडी परत कधी चिऱ्यावर उभी राहणार नाही. मला तेवढंच हवं होतं.

पहिलं काम मापाचं. सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पट्टीपासून जमिनीपर्यंत किती, त्यावर ॲक्सल किती वाकवायचा ते ठरतं. मी टेप पट्टीच्या मधोमध धरला आणि खाली सोडला.

साडेचार इंच.

डावीकडे चिऱ्याजवळ धरला तर चौदा. उजवीकडे चौदा. मध्ये साडेचार. टेपचं टोक जमिनीच्या बरंच वर अडत होतं. जोर दिला तर टेप वाकायचा, खाली जायचा नाही. मी गाल जमिनीला लावून बघितलं. खाली कोबा, तेलाचे डाग, बाकी काही नाही. टोक हवेत थांबलं होतं.

टेप जुना आहे म्हणून मी तो फेकून दिला.

एक गोष्ट मात्र दिसली होती. शेडमध्ये मुंग्यांची रांग असते, दारापासून सरळ मागच्या भिंतीपर्यंत. गाडीखाली ती सरळ जात नव्हती. मोठा वळसा घेऊन जात होती. माणूस आडवा पडल्यावर त्याच्या भोवतीने जावं तशी.

२

त्या दिवशीचं सांगतो. हे कुणाला सांगितलेलं नाही.

एका चिऱ्याचा कोपरा उडाला होता. दादा म्हणाला, "केत्या, दुसरा आण. बांधावरचा आण, जुना."

बांध लांब, वर ऊन. शेजाऱ्याच्या नव्या घरासाठी आदल्या दिवशी खाणीतून ट्रक आला होता, त्याचे चिरे आमच्या दारातच उतरवले होते. मी त्यातला एक उचलला. हाताला थंड लागला, थोडा ओला. लाल तो लालच. मी तो गाडीखाली सरकवला.

सकाळपासून आमचं चाकांवरून भांडण चाललं होतं. दादाला उंच, बारीक टायरची चाकं हवी होती. मला चौदा इंची रुंद.

"बुटकी चाकं लावलीस तर गाडी तुझ्यासारखी दिसेल," तो म्हणाला. "आठवी नापास गाडी."

"आणि तू लावलीस तर सायकल दिसेल."

"सायकल तरी सरळ चालते रे. तुला खडू धरता येतो ना? मी आकडा बोलीन तो भिंतीवर लिही. आकडा येत नसेल तर चित्र काढ."

तो हसत हसत पाठीवर झोपला आणि आत सरकला. नेहमी असंच बोलायचा. चार माणसांत बोलायचा. माझ्या कानात रक्त चढायचं. त्याच्यावर जीव होता म्हणून गप्प बसायचो, की गप्प बसायचो म्हणून जीव होता असं वाटायचं, ते अजून कळलेलं नाही.

आतून त्याने विचारलं, "केत्या, चिरा वाजवलास काय रे?"

पाना माझ्या पायाशी पडला होता. वाकायचं होतं फक्त.

"वाजवला," मी म्हटलं.

"बरं, लिही. साडे..."

मी भिंतीवर "साडे" लिहिलं आणि खडू धरून उभा राहिलो.

मग थप असा आवाज झाला. मोठा नव्हता.

नंतर लोक आले, पोलीस आले. फुटलेल्या चिऱ्याच्या पोटात पिवळी माती होती, लापशीसारखी. सगळे म्हणाले, एवढा हुशार मिस्त्री आणि चिरा न वाजवता खाली गेला. आमची आये, म्हणजे आई, छाती बडवत म्हणाली, "स्वतःच्या हातान मेलास रे मेल्या, स्वतःच्या हातान." रोज संध्याकाळी दिवा लावताना ती अजून त्याला शिव्या घालते. मी तिथेच असतो. ऐकून घेतो.

३

मी काशीरामकाकाच्या भंगारात गेलो. एमआयडीसीच्या मागे त्याचा तळ आहे. दादा त्याच्याकडे तासन् तास बसायचा.

काकाने दोन ॲक्सल आधीच बाजूला काढून ठेवले होते. एक जुन्या जीपचा, सरळ. दुसरा टेम्पोचा, जड, मधून खाली गेलेला. भिंतीला टेकून दोन जोड चाकं. सोळा इंची उंच, बारीक, गंजलेल्या कडांची. आणि माझी चौदा इंची.

"तुझो भाऊस हीच बोलला होता," काका उंच चाकांवर लाथ मारत म्हणाला. "पुढे बारीक, मागे जाड, आणि नाक खाली. त्याला नजर होती. तुला काय हवं?"

मला चौदा इंची हवी होती. तोंडातून आलं, "उंच."

"आता कसा शहाणा झालास! मग टेम्पोचा ॲक्सल ने. चाक उंच तर ॲक्सल वाकलेला हवा, नायतर गाडी बोकडासारखी मान वर करून उभी राहील. हा अजून वाकवून देतो भट्टीत. किती वाकवू?"

"किती म्हणजे?"

"अरे पट्टीपासून जमीन किती तुझी? माप घेतलंस ना?"

"साडेचार."

काका हसायला लागला तो थांबेना. "साडेचार इंच! गाडी बनवतोस का पाट?" त्याने तळावरच्या दुसऱ्या माणसाला हाक मारून सांगितलं. तोही हसला. "मेल्या, साडेचार इंचात मांजर जायचं नाय खालून. नीट मोज. अर्धा इंच चुकलास तर स्टिअरिंग हाताला येणार नाय, वळणावर सरळ दरीत. टेप दोघांनी धरायचा असतो. एकाने वर, एकाने खाली. खाली धरायला कोण हाय तुझ्याकडे?"

 काकाचं हसू उतरलं. त्याने मला नवा टेप दिला.

४

नवा टेप घेऊन मी आधी शेडचं दार मोजलं. बरोबर. टेबल मोजलं. बरोबर. चिरा मोजला. चौदा. मग पट्टीच्या मधोमध धरला.

साडेचार.

मी टेप तसाच धरून बसलो. डोकं चालवायचं असं ठरवलं. कोबा मध्ये फुगला असेल. पाण्याने पातळी बघतात तसं बघितलं, मगभर पाणी ओतलं. पाणी सरळ आत गेलं. मध्ये पोचल्यावर फुटलं, दोन्ही बाजूंनी वाहिलं आणि पलीकडे परत एक झालं. मधला लांबट तुकडा कोरडा राहिला. एका टोकाला अरुंद, दुसऱ्या टोकाला रुंद.

तेल असेल. तेलावर पाणी थांबत नाही. मी हात घालून पुसून बघायला हवं होतं. मी हात घातला नाही.

टेप अजून पट्टीला लावलेला होता. आकड्याकडे लक्ष गेलं. पाच.

माझा हात हलला असेल. मी कोपर गुडघ्यावर दाबून धरलं. पाच. मग हळूहळू साडेचार. थोडं थांबून परत पाच. टेपची कड पट्टीवर घासत होती, अगदी बारीक आवाज येत होता, खर्र, खर्र. पंखा बंद केला. आवाज स्पष्ट झाला. साडेचार, पाच. साडेचार, पाच.

मी किती वेळ बघत होतो माहीत नाही. मग लक्षात आलं की माझा श्वासही त्याच लयीत चालला आहे. मी मुद्दाम श्वास रोखला.

टेप थांबला नाही.

मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. मी रडलो. तोंडावर हात दाबून, आयेला ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा," मी म्हटलं, "उंच चाकं घेतली. तुझीच घेतली."

आकड्यात काही फरक पडला नाही.

५

नेत्रावहिनीला ही गाडी डोळ्यासमोर नको होती. दादाच्या तेराव्यानंतर ती एकदाही शेडमध्ये आली नव्हती. त्या दिवशी दुपारी आली ती भांडायलाच.

"भावजी, मी काशीरामकाकांना फोन केलाय. उद्या येऊन गाडी कापून नेतील. मला तुमचं काही ऐकायचं नाही."

"चाकं आणतोय मी. चार दिवस दे."

"चाकं? माझा नवरा खाल्ला तिने. तिला पाय कशाला?" तिचा आवाज फुटला. "आणि तुम्हाला काही वाटत नाही? रोज इथे टणटण करता. ते टणटण ऐकलं की मला वाटतं, त्या दिवशी एकदा, एकदाच त्यांनी का नाही वाजवला? मी झोपेत त्यांना हेच विचारते. इतका कसा तुम्हाला माझा विसर पडला, म्हणून."

त्या वेळी सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी ते सोडून दुसरंच बोललो.

"दादा खाली आहे," मी म्हटलं.

तिने माझ्या कानाखाली मारली. मी तिच्या हातात टेप दिला. तिचा हात धरून पट्टीपाशी नेला आणि टेप खाली सोडला.

वहिनी वेळणेश्वरची, बारावी शिकलेली. आकडे तिला नीट वाचता येतात. ती ओठ हलवत वाचत राहिली. साडेचार. पाच. साडेचार. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू पुसला गेला. ती मला लग्नातही एवढी सुंदर दिसली नव्हती.

"झोपले की असाच श्वास घेतात," ती म्हणाली.

टेप माझ्या हातात देऊन ती जमिनीवर आडवी झाली. गाल कोब्याला लावला, उजवा हात गाडीखाली घातला, खांद्यापर्यंत. मी तिला थांबवलं नाही. माझ्याच्याने जे झालं नव्हतं ते ती करत होती आणि मला बघायचं होतं.

तिचा हात हवेत कशावर तरी टेकला. बोटं पसरली. वर गेली, खाली आली.

"गरम आहे, भावजी," ती हसली. "शर्टाचं बटण पण लागतंय."

माझ्या बोटाखाली टेप थांबला. साडेचारवर. परत पाचवर गेला नाही.

मग गाडीखालून आवाज आला. दादाचाच. खोल नाही, घोगरा नाही. आत झोपून पाना मागताना यायचा तसा, थोडा कंटाळलेला.

"केत्या, चिरा वाजवलास काय रे?"

वहिनीचे डोळे माझ्याकडे वळले. ती हुशार आहे. तिला समजायला वेळ लागला नाही. त्या दिवशी हा प्रश्न विचारला गेला होता, आणि तो मला विचारला गेला होता. तिने हात बाहेर काढला नाही. तिला उत्तर हवं होतं. शेडमध्ये दोघंही माझ्या उत्तरासाठी थांबली होती, एक वर, एक खाली.

"सांगा ना," ती हळू म्हणाली. "वाजवला होतात?"

मी हे खूपदा आठवून बघितलं आहे. मला वेळ होता. कुणी मला घाबरवत नव्हतं. पाना पायाशीच होता. पण तोंड उघडलं आणि जीभ नेहमीच्या वाटेने गेली.

"वाजवला," मी म्हटलं.

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला. तिने विश्वास ठेवला. क्षणभर का होईना, ठेवला.

टेप सरकायला लागला. चार. साडेतीन. तीन. वरची पट्टी खाली येत नव्हती, मी तिच्यावरच हात ठेवून होतो. खालचं वर येत होतं.

मग उजवा चिरा वाजला. थप.

६

तो चिरा मी स्वतः बांधावरून आणला होता. आजोबांच्या वेळचा, काळा पडलेला, वरून शेवाळाचे डाग. त्याच दिवशी सकाळी मी त्याला पाना मारला होता. टण झालं होतं. फुटला तेव्हा पोटात पिवळी माती होती. ओली.

डॉक्टरांनी वहिनीचा हात कोपराखालून काढला. पोलिसांना ती म्हणाली, "मीच गेले खाली. चिरा वाजवायला हवा होता, मी वाजवला नाही." माझं नाव घेतलं नाही. मी तिच्या पायाशी बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग तिने आयेला जवळ बोलावलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं. बऱ्याच वेळाने आये बाहेर आली. पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलास?"

त्या दिवसापासून आये दिवा लावताना दादाला शिव्या घालत नाही. गप्प उभी राहते. वहिनी माहेरी गेली. मला आये वेळेवर वाढते. मासळीचा मधला तुकडा मला वाढते, पूर्वी तो दादाचा असायचा. मी जेवत असलो की समोर बसून बघते.

गाडी कापायला कुणी आलं नाही. शेजाऱ्यांनी ती उचलून परत दोन चिऱ्यांवर ठेवली. माप राहिलंच होतं. परवा मी टेप घेऊन गेलो. मध्ये धरला, खाली सोडला. अडला नाही. सरळ खाली गेला. मला वाटलं, सुटलो.

जमिनीपाशी टोकाला हिसका बसला. टेप ताठ झाला. कुणीतरी खालचं टोक धरलं होतं. घट्ट नाही, काळजीने. काका म्हणाला होता तसं, एकाने वर, एकाने खाली. मी वाकून बघितलं. अर्ध्या क्षणापुरतं दिसलं. बोटं होती. अंगठ्याजवळच्या बोटात वहिनीची वेढ्याची अंगठी होती.

त्या बोटांमागे अंधारात आणखी कुणी कुशीवर वळून माझ्याकडे बघत होतं की नाही, ते मी बघितलं नाही.

आकडा मात्र नीट वाचला. साडेतेरा. भिंतीवरच्या "साडे"पुढे मी "तेरा" लिहिलं. काकाने त्या मापाने ॲक्सल वाकवून पाठवला आहे. उंच चाकं दाराशी टेकून ठेवली आहेत. काळा रंग दिला, चांगली दिसतात. दादाचं बरोबर होतं.

आता ॲक्सल लावायचा, तर खाली शिरावंच लागतं. दुसरा मार्ग नाही. सकाळी टण झालेला चिरा दुपारी थप करतो, तेव्हा मी आत असताना बाहेरून वाजवत राहायला कुणीतरी लागतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. आये भाकरी थापत होती.

"आये, उद्या सकाळी मी गाडीखाली जाणार. तू चिरे वाजवशील ना?"

तिचा हात थांबला नाही. भाकरी गोल फिरत राहिली.

"वाजवीन हां," ती म्हणाली. मागे वळली नाही.

तो आवाज मला ओळखीचा आहे. त्या दिवशी पाना पायाशी असताना माझ्या तोंडातून निघाला होता, अगदी तसाच.